पयलो, दुसरो, तिसरो

संध्याकाळी साडेपाच वाजले हे कळायला आमच्या सोसायटीत घड्याळ लागत नाही. खालच्या पार्किंगमधून खणखणीत आवाज येतो, "पयलो!" एक जुनी पांढरी गाडी हलते. गेटपाशी आवाज येतो, "दुसरो!" गाडी उजवीकडे वळते, आणि मेडिकलच्या दुकानापुढून शेवटचा आवाज येतो, "तिसरो!" मग शांतता. आमच्या मुलुंडच्या या तिन्ही विंगांमध्ये गेली आठ वर्षं हा रोजचा कार्यक्रम आहे.

हे भिकाजी परब. आमच्या समोरच्या दारातले परबकाका. वय सत्तरच्या पुढे. प्रत्येक गिअर ओरडून टाकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

काका भांडुपच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं गिअर कापायच्या मशीनवर होते. एका लोखंडी चकतीला दात पाडायचे, मग दुसरीला, मग तिसरीला. "लोकांच्या गाडीत गिअर असतत गो बाय, माझ्या रक्तात हत," असं ते सांगतात. निवृत्तीला चार महिने उरलेले असताना त्या मशीनने त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं नेली. त्यावरही त्यांचं म्हणणं एवढंच, "बत्तीस वर्षां माझ्याकडून दात कापून घेतल्यान, जाता जाता बोटां घेतल्यान." तेव्हापासून तो हात कायम पँटच्या खिशात असतो. गाडी कशी चालवता, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालता ना? मगे?" आम्ही आपलं धरून चाललो होतो की तळव्याने ढकलत असतील गिअर. कुणी बघितलेलं नव्हतं, कारण त्या गाडीत काकीशिवाय कुणाला बसायची परवानगी नाही. चेअरमनसाहेबांनी एकदा स्टेशनपर्यंत लिफ्ट मागितली, तर काका म्हणाले, "रिक्षा कर." काच वर केली आणि गेले!

काकी म्हणजे शुभांगीकाकी. हिच्या हातच्या तिसऱ्यांच्या कालवणावर माझी दोन बाळंतपणं झाली. दोन वर्षांपासून ती विसरते. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. मी गेले की विचारते, "तुझां लगीन झालां काय गो?" मी म्हणते, झालं. "बरां झालां," म्हणते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आता मी रोज तिच्यासमोर दोनदा-तीनदा लग्न करते आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण ती काकांनाही ओळखत नाही, त्याचं वाटतं. त्यांना ती 'मास्तर' म्हणते. तिला वाटतं, हे कुणी शाळामास्तर त्यांच्याकडे राहायला आलेत. "मास्तरांका चाय दी गो," असं मला सांगते. काका गुपचूप चहा घेतात आणि वर "उपकार झाले" म्हणतात.

तर गेल्या वर्षी मी गाडी घ्यायची ठरवली. माझी बँक अंधेरीला. मुलुंड ते अंधेरी म्हणजे पवईच्या रांगेत पाऊण तास क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा. नवऱ्याच्या गाडीने महिनाभर गेले आणि डाव्या गुडघ्याची वाट लागली. मग गेले काकांकडे. वाटलं होतं ऑटोमॅटिकचं नाव काढताच अंगावर येतील. कसलं काय! त्यांनी कागद घेतला आणि माझा वर्गच घेतला.

"ही पयली जात. पेडल काढल्यानी, पण आत क्लच आणि गिअर तेच जुने. ते मशीन हलयता. स्वस्त हा. पण सरकारी खिडकीवरचो माणूस. अर्ज घेता, चष्मो पुसता, मगे गिअर टाकता."

"दुसरी?"

"हिच्यात गिअरचे दातच नाय, नुसतो पट्टो. रस्तो मोकळो असलो आणि जोरात दाबलंस तर बोंबलता. पण रांगेत लोण्यासारखी. तिसरीत दोन क्लच. हुशार हा, पुढचो गिअर आधीच काढून ठेवता. पण पवईक पाऊण तास उभी केलंस तर डोक्यात राख घालून घेता."

आमच्या ह्यांना मात्र चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. मोठी, उंच. काकांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "चारय चाकां? कांजूरमार्गाक काय बर्फ पडता? पुढची दोन ओढतत ती पुरे. मागची येवंदेत मागसून, हिच्या घोवासारखी." घोव म्हणजे नवरा. तो बिचारा माझ्या मागेच उभा होता.

टेस्ट ड्राइव्हला काका स्वतः आले. हातात स्टीलची वाटी आणि बाटलीत सोलकढी. वाटी काठोकाठ भरून त्यांनी डॅशबोर्डवर ठेवली आणि शोरूमच्या माणसाला म्हणाले, "आता मुलुंड कॉलनीच्या चढावर मधीच थांबव आणि परत उठव." पहिल्या गाडीने उठताना विचार केला, आणि मग एकदम उडी मारली. शोरूमवाल्याचा शर्ट पांढरा होता. वाटी पुन्हा भरली. दुसरी गाडी, ती पट्ट्याची, त्याच चढावरून अशी निघाली की थेंब सांडला नाही. काकांनी वाटी उचलली, सोलकढी पिऊन टाकली, मिशी पुसली आणि म्हणाले, "ही घे. तुझ्या गुडघ्याक हीच." मी तीच घेतली. आजही झकास चालते.

म्हणून या सप्टेंबरात काकांच्या मुलाचा, मंदारचा, बंगळुरूहून फोन आला तेव्हा मला वाटलं, काम सोपं आहे. त्याने बाबांसाठी ऑटोमॅटिक बुक केली होती. दसऱ्याला येणार. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये जाणार, माणूस उद्या बघायला येणार. आणि बाबा म्हणत होते, त्या माणसाचे पाय मोडीन. "तू समजाव ना, ताई. तुझं ऐकतात. त्या हाताने गिअर टाकतात, बाजूला आई असते, मला इकडे झोप लागत नाही."

पटलं मला. तावातावाने गेले. "काका, मला तुम्हीच सांगितलंत ना, रोजच्या ट्रॅफिकला ऑटोमॅटिक बरी? माझा गुडघाच दुखत होता. तुम्हाला तर बोटं नाहीत!"

"बोटां नाय म्हणून तर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय नाय. चाय पी."

"चहा नको मला! तुम्ही हट्टी आहात. काकीला काही झालं तर कोण जबाबदार? नाहीतर असं करा, मला मागे बसवा आणि एक चक्कर मारून दाखवा. नीट चालवलीत तर मंदारला मी बघते. नाही चालवलीत तर उद्या चावी मी स्वतः देणार त्या माणसाला!"

मी एवढी ओरडले की काकी आतून बाहेर आली. "मास्तरांवर कित्याक आराडतंस?" म्हणाली. काकांनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि चावी उचलली. "बस. पण बघशीत तां खंय बोलूचां नाय."

मी मागे बसले. काकी डाव्या सीटवर बसली, पदर खोचला. काकांचा उजवा हात स्टिअरिंगवर, डावा नेहमीसारखा खिशात. त्यांनी क्लच दाबला आणि ओरडले, "पयलो!"

काकीचा हात पुढे आला आणि तिने पहिला गिअर टाकला.

मी "अहो काका!" म्हणून किंचाळणार, तोच पुढची आरोळी आली. "दुसरो!" तिने दुसरा टाकला. "तिसरो!" तिसरा. आठ वर्षं आम्ही ज्याला म्हाताऱ्याचं खूळ म्हणून हसत होतो, ते तो बायकोला सांगत होता. आणि मेडिकलच्या पुढे गेल्यावर त्यांनी सांगणंही बंद केलं. पुढे रिक्षा आडवी आली, काकांनी क्लच दाबला, तोपर्यंत काकीचा हात दुसऱ्यावर गेलेलाही होता. मोकळा रस्ता आला, चौथा. सिग्नल लागला, न्यूट्रल. ती समोर बघतही नव्हती. इंजिनाचा आवाज ऐकत होती, भाताला उकळी फुटली की बाईला बाहेरच्या खोलीत कळतं तशी. जिला माझं लग्न आठवत नाही तिला गिअर आठवत होते.

कॉलनीचा चढ आला. गाडी तिसऱ्यातच चढू लागली. घरघर वाढली, दम तुटायला लागला, तरी काका ढिम्म. मी म्हटलं, झालं, आता बंद पडते. तेवढ्यात काकी गरकन त्यांच्याकडे वळली.

"अवो! गाडी रडता ती ऐकाक येना नाय काय? कलच दाबा! लक्ष खंय आसा तुमचां?"

अवो. मास्तर नाही, अवो!

"चुकलां गो," काका म्हणाले आणि क्लच दाबला. तिने दुसरा टाकला. गाडी सुतासारखी वर गेली.

वर गाडी थांबवून काकी खिडकीतून डोंगर बघत बसली, तेव्हा काका मागे न वळता, आरशातून माझ्याशी हळू बोलले. "ह्या चढावर मी रोज मुद्दाम उशीर करतंय. मगे ती आराडता." त्यांनी आरसा जरा सारखा केला. "घरात मी मास्तर. हय तिचो घोव. तुझ्या त्या ऑटोमॅटिकात ती काय करतली?"

मी नाक पुसलं. नियमात बसतं का हे? नाही बसत. मी बँकेत आहे, नियम मला कुणी शिकवू नयेत. पण मास्तर आणि घोव यांच्यामध्ये एवढाच एक चढ शिल्लक आहे, आणि तो मी काढून घेणार नाही. सोसायटीने नोटीस काढली तरी नाही.

काकांची परवानगी घेऊन मंदारला सगळं सांगितलं. आईने मागच्या वेळी त्याला कुरिअरवाला समजून सही करायला पेन मागितलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "खरंच ओरडली बाबांना?"

"चांगली ओरडली."

"मग राहू दे ताई. ते बुकिंग मी रद्द करतो."

पण एक्स्चेंजवाल्याला निरोप द्यायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला तो फाइल घेऊन गाडीसमोर उभा राहिला. मी गॅलरीतून खाली धावेपर्यंत काका-काकी गाडीत बसलेही होते. काकीने काचेतून त्याच्याकडे बोट दाखवलं. "ह्यो कोण?"

"कोण नाय गो," काका म्हणाले. "तू पयलो घाल."