दोन डिस्कची वाटणी

लॅपटॉप एक आणि वापरणारे नवरा-बायको दोघं, त्यामुळं नागसेन आणि निशाची रोज जुंपायची. त्याला विंडोजऐवजी चालणारं लिनक्स शिकायचं होतं, तिला विंडोजवर बी.एड.चा प्रकल्प टाइप करायचा होता. शेवटी २००९ सालातल्या एका रविवारी नागसेननं लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह काढून तिथं दुसरी हार्डडिस्क बसवली आणि तिच्यावर लिनक्स चढवलं. लॅपटॉप लावला की आता तो आधी विचारायचा, विंडोज की लिनक्स?

"तुझी डिस्क तुला, माझी मला. मिटलं भांडण," नागसेन म्हणाला.

सोमवारी साखर कारखान्यात कामावर जाताना त्यानं आपली डिस्क रुमालात गुंडाळून नेली. हापिसातल्या आकारामला दाखवायची होती.

दहा वाजता निशानं लॅपटॉप लावला. काळ्या पडद्यावर 'एरर' आणि पुढं काही नाही. दीड वर्षाच्या दीक्षाला कडेवर घेऊन तिनं तो चारदा बंद-चालू केला. प्रकल्प एक वाजेपर्यंत छापून कॉलेजात द्यायचा होता, नाहीतर वर्ष वाया. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अहो, माझा प्रकल्प गेला."

"जाईल कसा? तुझ्या डिस्कला मी हात बी लावलेला न्हाई."

"मग उघडंना का?"

"काल लिनक्स चढवताना लॅपटॉपनं विचारलं होतं, 'विंडोज की लिनक्स' विचारणारा प्रोग्राम कुठं टाकू म्हणून. मी नुसतं एंटर दाबलं. तो तुझ्या डिस्कवर बसलाय वाटतं."

"मग?"

"त्याचं बाकीचं सामान माझ्या डिस्कवर हाय. आणि ती माझ्या खिशात."

नातीला बघायला मुरगूडहून आलेले सासरे, केरबा, चहा पीत ऐकत होते. निशानं सगळं सांगितल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे तुझ्या रानाची वाट त्याच्या रानातनं ठेवलीय की. वाटणी करताना आधी वाट बघत्यात, मग रान."

"मामा, तुम्हाला कॉम्प्युटर कळतो?"

"कॉम्प्युटर न्हाय. भावकी कळती."

केरबा रिक्षा करून कसबा बावड्याला कारखान्यात गेले आणि लेकाच्या खिशातली डिस्क घेऊन आले. ती बसवताच प्रकल्प उघडला. एकाला दहा मिनिटं कमी असताना निशानं तो छापून कॉलेजातल्या मॅडमच्या हातात दिला, दीक्षासकट धापा टाकत.

संध्याकाळी नागसेन मान खाली घालूनच घरात आला. "तुझी वाट आता वेगळी करून देतो," म्हणाला. त्यानं आपली डिस्क काढली, सीडी ड्राइव्ह परत बसवला आणि विंडोजची सीडी घालून निशाच्या डिस्कवरचा तो प्रोग्राम पुसायला अर्धा तास खटपट केली. निशाची डिस्क एकटीच सुरू झाली. मग त्यानं ऐटीत आपली डिस्क जागेवर बसवली.

लॅपटॉप काहीच न विचारता सरळ विंडोजमध्ये गेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"माझं लिनक्स कुठं गेलं?"

"हाय तिथंच हाय," केरबा म्हणाले. "त्याची वाट तेवढी नांगरलीस तू."

नागसेननं बापाकडं आशेनं पाहिलं. केरबांनी नातीला मांडीवर घेतलं.

"माझ्याकडं काय बघतोस? जिच्या रानातनं जायचं, तिला इचार की."

निशानं लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला.

"आधी भांडी घासा. मग बघू."

नागसेन बाह्या सरसावत मोरीकडं गेला.