कियाईंची आंघोळ

एकाला आंघोळ घालायचीच आहे तर बाकीच्यांनाही घालून टाकू, एवढाच विचार मी केला. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. (पुर्वांतीला कळलंय. पुर्वांती माझी बायको. तिला सगळं माझ्याआधीच कळतं.)

सुरो महिना चालू होता. या महिन्यात आमच्या सोलो शहरात कुणी लग्न काढत नाही, घरोघरी क्रिस, म्हणजे वाडवडिलांचे खंजीर, धुतात. सासरेबुवांच्या घराण्याची नागमोडी क्रिस यंदा धुवायला माझ्याकडे आली होती. नाव कियाई तेंत्रेम. कियाई म्हटलं की बोलतानाही मान द्यावा लागतो, आणि तेंत्रेम म्हणजे शांत. सुरो सरला की आमच्या लेकीचं, रेत्नोचं, लग्न, आणि मांडवात हे कियाई मी माझ्या हाताने जावयाला, गालिहला, द्यायचे. सासऱ्याने जावयाला क्रिस द्यायची हा रिवाजच आहे. पाणीपुरवठ्यातल्या कारकुनाच्या हातून जन्मात एकदा काहीतरी भारदस्त घडणार होतं. मला घास गिळवत नव्हता.

कियाईंवर माझा डोळा पहिल्यापासून. बाजारात त्यांच्यासारखी क्रिस दिसली की मी घेतलीच. अशा चार जमल्या होत्या. आमच्या क्रिसप्रेमी मंडळात मला जाणकार म्हणतात. (मंडळात आम्ही सगळेच जाणकार आहोत.) तर पाचही पात्यांच्या मुठी काढल्या, पाती नारळाच्या पाण्यात भिजवली आणि लिंबाने खसाखसा घासली. कियाईंचं म्यान पॉलिशला गेलेलं.

पाचही पाती पांढरीफटक निघाली. नक्षी गायब! ती पात्याला सोमलाचं विषारी पाणी पाजल्यावर परत दिसते, पण सोमलवाला यायला अवकाश होता.

"यातले कियाई कुठले हो?" पुर्वांतीने विचारलं.

"हे काय, हे!"

"मघाशी पलीकडचे म्हणालात."

"मघाशी उजेड वेगळा होता."

"बरं, आवरा. बापाक गालिहच्या गावाला गेले होते, तिथून थेट इकडे येतायत. रिक्षात बसलेत." (बापाक म्हणजे तिचे वडील, माझे सासरे.)

माझी तंतरली. पात्यांना टिचकी मारून पाहिली, पाचही 'टिंग' म्हणाली. लोखंडाचा वास घेतला तर नुसता लिंबाचा. वळणं मोजली. क्रिसची वळणं नेहमी विषमच असतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी सम आली. पुन्हा मोजली, पुन्हा सम! मग अंगणात गेलो, आत आलो, परत अंगणात गेलो.

"अहो, एका जागी बसा ना! तुमच्याकडे बघून मला भोवळ यायला लागली."

"तुला काय जातंय बोलायला! चुकीचे कियाई निघाले तर तुझा बाप मला मांडवात उभा करेल का?"

"जाणकार ना तुम्ही?" एवढं म्हणून ती चहा टाकायला गेली.

सासरे आले, वेताच्या खुर्चीत टेकले, घसा साफ केला. "जावईबापू, त्या कियाईंबद्दल जरा बोलायचंय."

झालं! यांना कळलं! मी डोळे मिटून हाताला लागलं ते पातं उचललं आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. घाबरलो की माझं तोंड सुटतं. "बापाक, हे बघा आपले कियाई! हातात घेतले की अंगावर काटा येतो. हजारात ओळखेन मी! घराण्याचं तेज असं लपत नाही." माझे डोळे खरंच भरून आले. (हाताला लिंबू होतं.)

सासऱ्यांनी पातं घेतलं, उलटसुलट केलं. "नक्की हेच?"

"नक्की!"

"आणि ही चार?"

"ती भंगार हो. बाजारातली."

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. "तू अजून सांगितलं नाहीस यांना?"

"कुठल्या तोंडाने सांगू? किती खुशीत होते ते."

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मी धाडलं तेही बाजारातलंच. खरे कियाई देणार होतो, पण ही म्हणाली, बापाक, ह्यांच्या हाती नका देऊ, कियाई वाचायचे नाहीत."

म्हणजे पाचही भंगार! मी सकाळपासून पहिल्यांदा खाली बसलो.

"मग खरे कुठायत?"

"गालिहकडे. त्यानेच धुतले. काय नक्षी उठलीय, वा! तेच बघून आलो."

आता मात्र मला रडूच आलं. (या वेळी लिंबू नव्हतं.) "अहो, पण ते मी द्यायचे होते ना! माझ्या हाताने! माझ्या पोरीच्या लग्नात!"

सासरे विरघळले. "तुम्हीच द्या हो! गालिह येताना घेऊन येईल, तुमच्या हातात देईल, तुम्ही ते परत त्याला द्यायचे."

मी डोळे पुसले. "माझ्या हातात किती वेळ राहतील?"

"फोटो निघेपर्यंत," पुर्वांती म्हणाली. "फोटोवाल्याला मी घाई करायला सांगितलंय."