यमुनाआत्याची उरलेली टाच

"येत्या दिवाळीला अख्ख्या देवरुखात एक बोथट विळी दाखवा, मिशी उतरवीन!"

गोपाळकृष्णाने ओटीवरून ही गर्जना केली तेव्हा साल होतं १९८५, महिना होता मार्च आणि मिशी होती जेमतेम.

रस्त्यापलीकडे बाबू धारवाला सायकल स्टँडवर लावून, पायडल मारत शेजारच्या सखूच्या कोयत्याला धार लावत होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"उतरवा, गोपाळराव. वस्तरा मी लावून देईन. फुकट!"

गोपाळकृष्ण तुच्छतेने हसला. बिचारा बाबू! त्याला काय माहीत की पडवीत काय शिजतंय!

पडवी हा गोपाळकृष्णाचा कारखाना. तिथे गेल्या वर्षी नारळ सोलायचं यंत्र जन्माला आलं होतं. त्या यंत्राने नारळ सोडून बाकी सगळं सोललं: ओटीचा खांब, वडिलांचं नवं धोतर आणि पोस्टमनचा अंगठा. त्यामुळे या खेपेला बायकोने, म्हणजे दमयंतीने, आधीच बजावलं होतं.

"हे शेवटचं हां! हा दगड खपला नाही तर कारखाना बंद. पडवीत माझं शिवणयंत्र येणार."

दगड कसला, हिरा होता तो! मामेभाऊ हरिहर मुंबईला हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यात होता. त्याने औषधाच्या पुडीत हिऱ्याची भुकटी पाठवली. विळीचं पातं वाकडं, तिथे सपाट दगड काय कामाचा? म्हणून गोपाळकृष्णाने पितळेची जाड पट्टी ठोकून ठोकून मधोमध खोलगट केली आणि तिच्यावर भुकटी पक्क्या गोंदाने बसवली.

"पोलाद म्हणजे याच्यापुढे खोबरं!" तो म्हणाला. "फक्त निगा राखायची. तेल लावायचं नाही. काम झालं की पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने घासायचा आणि वाळवायचा."

पाणी आणि टूथब्रश दोन्ही न्हाणीत. म्हणून हिऱ्याचा मुक्कामही न्हाणीतल्या कोनाड्यात पडला.

पहिल्याच दिवशी विळीला अशी धार चढली की तिला नुसतं बघूनच दुधीचे दोन तुकडे झाले. गोपाळकृष्णाने तडक सावर्ड्याच्या भागोजीशेठना पत्र टाकलं. शेठचं लोखंडी सामानाचं मोठं दुकान. उलट टपाली उत्तर आलं: रविवारी येतो, दाखवा.

आणि सोमवारी केळशीहून यमुनाआत्या आली.

आत्या जन्मभर अनवाणी चाललेली. टाचांना अशा भेगा, की घरात काही हरवलं तर आधी तिथे शोधावं.

मंगळवारी दगडावर पांढुरका थर दिसला. गोपाळकृष्णाने आनंदाने वहीत लिहिलं: 'पोलादाचा कीस पांढरा निघतो. धातू उच्च प्रतीचा.' गुरुवारी लिहिलं: 'कीस तुपकट. कारण अज्ञात.' शुक्रवारी मात्र तो दगड नाचवत स्वयंपाकघरात घुसला.

"दगडाला तेल कोणी लावलं?"

"तेल लावायला तो काय मारुती आहे?" दमयंती म्हणाली. "आणि विळी का चालत नाहीये तुमची? कोथिंबीर नुसती गुदगुल्या झाल्यासारखी वळवळते!"

"हिरा बसतोय अजून. हिऱ्याला वेळ द्यावा लागतो."

रविवारी भागोजीशेठ आले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा घालून! ओटीवर पाट मांडला, विळी मांडली. गोपाळकृष्णाने पात्यावर दगड चांगला तीस वेळा फिरवला आणि पिकलेला टोमॅटो उचलला.

"बघा शेठ, कापला गेलाय हे टोमॅटोला कळणारसुद्धा नाही!"

टोमॅटोला कळलं. त्याने क्षणभर विचार केला आणि भागोजीशेठच्या सदऱ्यावर उडी घेतली.

आत शिवणयंत्र सरकल्याचा आवाज आला. आणि तेवढ्यात न्हाणीतून ओचा खोचलेली आत्या बाहेर आली.

"गोप्या, मेल्या, माझी वज्री कुठे नेलीस? एक टाच घासायची राहिलीय माझी!"

"वज्री? आत्या, हा विळीचा दगड आहे! हिऱ्याचा!"

"तरीच! मी म्हणते, दमयंतीने काय सुरेख वज्री आणून ठेवलीय. टाचेवर बेतून घडवल्यासारखी! थोडं खोबरेल लावलं की कशी सरसर चालते!"

वहीतला उच्च प्रतीचा धातू म्हणजे यमुनाआत्या होती!

शेठनी सदऱ्यावरच्या बिया निपटल्या. "बघू आत्याबाई."

आत्याने एक पाऊल पुढे केलं. टाच बाळाच्या गालासारखी! मग दुसरं केलं. तो सरळ सरळ कातळ होता.

भागोजीशेठनी वहाणा काढल्या, पाटावर बसले आणि दगड टाचेला लावला. हळूहळू त्यांचे डोळे मिटले.

"शंभर नग करा," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

"पण शेठ, धार..."

"धारेचं नाव काढू नका हो. गिऱ्हाईक घाबरतं!"

शिवणयंत्र आल्या वाटेने मागे सरकलं.

दिवाळीपर्यंत पडवी गजबजून गेली. भुकटीचा कण न् कण लोकांच्या टाचांकडे जात होता. त्यामुळे अख्ख्या देवरुखात बोथट विळी एकच उरली, ती गोपाळकृष्णाच्या घरात! दमयंतीने बाबूला हाक मारली. त्याने विळीला धार लावली, पैशांच्या बदल्यात एक वज्री मागून घेतली, कारण दिवसभर पायडल मारून त्याच्या टाचांची चाळण झाली होती. आणि मग पिशवीतून, न सांगता, लखलखीत वस्तरा काढून ओटीवर ठेवला.

"गोपाळराव, बोललो होतो."

गोपाळकृष्णही बोलला होता. त्याने त्याच दिवशी मिशी उतरवली.

चार दिवसांत मिशी गेल्याचं घरात कोणाला कळलंसुद्धा नाही. भाऊबीजेला केळशीहून आत्या आली. गोपाळकृष्णाच्या वडिलांना ओवाळताना तिने निरांजन मधेच थांबवलं आणि शेजारी बसलेल्या गोपाळकृष्णाकडे निरखून पाहिलं.

"गोप्या, आज काहीतरी वेगळाच दिसतोस रे." मग तिचा चेहरा उजळला. "टाचा घासल्यास होय?"