सहा मॉनिटर आणि एक शेपूट

एका जंगलात, म्हणजे अजून रिसॉर्ट न झालेल्या एका जंगलात, ढांगोजी नावाचा वानर राहत होता.

मुलांनो, ढांगोजीचं काम पहाऱ्याचं. जांभळीच्या शेंड्यावर बसायचं, चारी दिशांना मान फिरवायची आणि बिबट्या दिसला की 'खॅक!' करून ओरडायचं. मग खाली चरणारी चितळं धूम ठोकायची. चितळांना आधी वास लागला तर ती ओरडायची आणि ढांगोजी वर सरकायचा. वाडवडिलांपासून हे असंच चालत आलेलं.

ढांगोजीला दोन गोष्टींचा फार अभिमान. एक हुद्द्याचा आणि दुसरा शेपटाचा. शेपूट कसलं, दोरखंडच! तो ते खाली सोडून बसला की पोरं बघत राहायची.

पण हल्ली त्याची मान दुखायला लागली. मग त्याने ठरवलं, झाडांवर कॅमेरे लावायचे आणि आपण बसल्या जागी मॉनिटरवर बघायचं. वीज कुठून आली असं मध्येच विचारू नका. वानर बोलतो ते चालतं, आणि विजेवर लगेच शंका!

दुकान भारद्वाजाचं. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, त्यामुळे त्याच्याकडे कुणी घासाघीस करत नसे.

"एक मोठा देऊ, की सहा लहान?" भारद्वाजाने विचारलं.

झालं! घरात दुसरा विषय नाही.

"अहो, एकच मोठा घ्या," बायको रुंजी म्हणाली. "तुम्हाला हातातलं नीट दिसत नाही. परवा बोरं म्हणून लेंड्या घेऊन आलात!"

"तुला कामातलं काय कळतं? एका मॉनिटरसमोर कुणीही बसतं. सहा असले की कसं भारदस्त वाटतं."

सहा आले. जांभळीच्या खोडावर ठोकले. आता ते बघायचे तर जंगलाकडे पाठ करून बसावं लागे. ढांगोजी बसला. सहावा कॅमेरा लागला समोरच्या ऐनाच्या झाडावर, नेमका जांभळीकडे तोंड करून.

चितळांवर तर भलतीच छाप पडली. कळपातली सगळ्यात वडील ठिपकेमावशी. तिने पोरांना बजावलं, "आता आपण मध्येमध्ये ओरडायचं नाही हं. साहेब सहा-सहा बघतात. बरं दिसत नाही ते."

आणि एके दिवशी भर दुपारी बिबट्या आला. मावशीला वास लागला. मग तो जांभळीवर चढतानाही दिसला. हाक अगदी ओठांवर आली. पण तिने ती गिळली. साहेबांना दिसलंच असेल की!

साहेबांना दिसलं होतं. सहाव्या मॉनिटरवर, करंगळीएवढं. एक वानर झाडावर पाठ करून बसलेला, त्याचं शेपूट खाली लोंबतंय आणि त्या शेपटाच्या रोखाने बिबट्या वर सरकतोय.

ढांगोजीला हसू आवरेना. "अरे, कोण हा बावळट? मागे बघ की लेका! असल्यांमुळेच वानरांचं नाव खराब होतं."

तिकडच्या वानराचेही खांदे हसून हलत होते. हे मात्र ढांगोजीला जरा खटकलं.

तेवढ्यात शेपटाला हिसका बसला.

"खॅक!"

ती हाक ऐकून चितळं पळाली. ढांगोजीही कसाबसा सुटला. शेपूट मात्र अर्धंच घरी आलं.

रुंजी हळद लावत होती. ढांगोजी लहान पोरासारखा रडत होता. "माझं शेपूट गं!" तिचेही डोळे भरून आले.

"मी सांगत नव्हते?" ती नाक पुसत म्हणाली. "एकच मोठा घ्यायचा. निदान स्वतःचं शेपूट तरी ओळखू आलं असतं!"

ढांगोजीला जन्मात पहिल्यांदा बायकोचं पटलं.

दुसऱ्याच दिवशी मोठा मॉनिटर आला. त्याच खोडावर, त्याच जागी. ढांगोजी जंगलाकडे पाठ करून त्याच्यासमोर बसला आणि उरलेलं शेपूट त्याने ऐटीत मागे सोडलं.

तात्पर्य: आपल्या पाठीमागचं नीट दिसायला हवं असेल, तर मॉनिटर शेपटाहून मोठा घ्यावा. मागे वळून काय, कुणीही बघतं.