बाराचे ठोके

"आधी ठोके मोजा रे पोरांनो, मग वेळ सांगा." वडील जाऊन वीस वर्षं झाली, तरी दुकानातल्या लंबकांच्या मागून हा आवाज थोरल्या घड्याळजीला ऐकू येई. ऐकू येई, एवढंच.

त्या दिवशी त्याच्या फोनवर 'आपल्या गावची ताई' अवतरली. तिला कोणी पाहिलं नव्हतं, पण कळवळा असा, की सख्ख्या बहिणीनं लाजावं. तिनं लिहिलं होतं, 'काल मनोऱ्यावर बाराचे ठोके पडत होते, तेव्हा नदीपलीकडच्यांनी आपल्या बायकांना भर बाजारात अडवलं. मी डोळ्यांनी पाहिलं. जागे व्हा!'

घड्याळजी जागा झाला. 'अगदी खरं' असं जोडून त्यानं ते बाजाराच्या ग्रुपवर टाकलं, आणि हात लागलाच होता म्हणून घरच्या ग्रुपवरही. धाकट्या भावाची बायको नदीपलीकडची, हे त्याला बोट उचलल्यावर आठवलं.

धाकट्यानं भिंग खिशात घातलं, हत्यारांची पेटी उचलली आणि तो सासुरवाडीला गेला. दुसऱ्या दिवशी पलीकडची गिऱ्हाइकं आली, ती आपापली घड्याळं परत न्यायला. तिसऱ्या दिवशी अलीकडचीही आली. बारीक काम धाकट्याच्याच हातचं होतं. दुकानात वेळ तेवढा उरला.

"बाराचे ठोके?" चौथ्या दिवशी बायकोनं तो मजकूर वाचला. "अहो, आपल्या मनोऱ्यावर नऊ वर्षं सव्वापाच वाजलेत!"

घड्याळजीनं ताईचं जुनं लिखाण चाळलं. आणखी तीन गावांत ती 'आपल्या गावची' होती. बायका त्याच, ठोकेही बाराच. लिहायला बसायची पहाटे तीनला आणि सकाळी सातला तासभर गप्प.

"सातला जेवायची सुट्टी!" बायको म्हणाली. "हिचा सूर्यच दुसऱ्या मुलखात उगवतो हो. हा कळवळा नाही, ही ड्यूटी आहे."

घड्याळजी पूल ओलांडून गेला. धाकटा सासऱ्यांच्या दारात कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता.

"ती ताई परदेशातली भाडोत्री निघाली रे. फसवलं तिनं मला."

"तिला खोटं बोलायचा पगार मिळतो, दादा." धाकट्यानं भिंग काढलं नाही. "तू फुकटात बोललास. आणि मनोरा बंद आहे, हेही विसरलास? सगळं गाव म्हणतं ना, धाकट्यानं बिघडवला म्हणून!"

घड्याळजीनं चपलेचा अंगठा चाचपला.

"मनोऱ्यातल्या चाकाचा दात माझ्या हातून तुटला होता," तो म्हणाला. "तू खाली तेल आणायला गेला होतास. गावाला तुझं नाव मीच सांगितलं."