दाऊदभाईंचा गोरा

फोर्कलिफ्टवर चढायच्या आधी दाऊदभाई दोन्ही हातांची बोटं वाळूत टेकवतात, ढुंगण वर करून क्षणभर ओणवे राहतात. मग उठतात, आणि आखातातल्या अल सुलै इथल्या आमच्या गोदामातली सर्वांत संथ फोर्कलिफ्ट सुरू होते. मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मुकादम घाई करत ओरडतो, "यल्ला, यल्ला!"

"पिस्तूल तर वाजू दे!" दाऊदभाई म्हणतात.

साठीला टेकलेला हा रत्नागिरीचा गृहस्थ शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज धावपटूच्या नादी लागलाय. नाव विचारलं तर म्हणतात, "नाव कशाला? आमचा गोरा." जसा काही शेजारच्या वाडीतलाच.

चहाच्या सुट्टीत, कंटेनरच्या सावलीत, गोरा धावू लागतो. बाप कोळशाच्या खाणीत. पोरगं त्याचा डबा घेऊन असं सुसाट पळायचं की जेवणाची वाफसुद्धा विरायची नाही. पुढे बोटीनं परदेशी शर्यतीला गेला, तर बोटीतच बूट चोरीला! उसन्या बुटांत कागद कोंबून पळाला आणि पहिला आला.

"शर्यत संपल्याची फीत तुटली तरी थांबेना! लोकांनी धरून आणला रे, सावंत!"

इथे त्यांचा निम्मा चहा माझ्या पँटवर. डोळे मात्र लांब, जिथे ऊन पाण्यासारखं हलत असतं तिथे.

मग लढाई लागली. गोरा खंदकाखंदकांतून निरोप पोचवू लागला. "एका सकाळी धुक्यात निघाला..." एवढं बोलून दाऊदभाई कप चुरगळतात. "खलास. चल कामाला."

गेल्या आठवड्यात मला राहवेना. खाण, बोट, बूट एवढ्या खुणांवर मोबाईलमध्ये शोधलं.

"दाऊदभाई, तुमचा गोरा सापडला. पुढचं वाचू?"

त्यांनी अख्खा पंजा स्क्रीनवर ठेवला.

"माझी बायको, हाजरा, गावी शाळेत बाई होती. शाळेतलंच पुस्तक. दर शुक्रवारी फोनवर वाचून दाखवायची, मराठी करून. धुक्यापर्यंत आलो आणि ती आजारी पडली. कफील, म्हणजे इथला मालक, परदेशात, सुट्टीच्या कागदावर सही कोण करणार? मी पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं."

"आणि पुस्तक?"

"शाळेत देऊन आलो. उघडलं नाही."

मी फोनकडे पाहिलं. "निदान तो धुक्यातून जिवंत परतला की नाही, एवढं तरी सांगू?"

"नको रे." त्यांनी हलकेच माझा फोन उलटा ठेवला. "तिनं सोडलाय तिथून तो अजून पळतोय. पळू दे."