गॅलरीतला दरीपक्षी

राग आला की कुणी भांडी आपटतं, कुणी दार आपटतं. मी पक्षी मोजायला लागलो.

(दार आपटायची सोय नव्हती. आमच्या गॅलरीचं दार नुसतं ढकललं तरी असं किंचाळतं, की आपटण्यातली सगळी मजा जाते. बायको दोन वर्षं सांगतेय, "अहो, त्या बिजागरीला तेल घाला." मी दोन वर्षं सांगतोय, "रविवारी बघतो.")

राग आला तो खालच्या फळ्यावरची नोटीस वाचून. 'इमारतीमागील झाड तोडण्यात येणार आहे. सही, सेक्रेटरी.' कारण काय? तर सेक्रेटरीनं नवी गाडी घेतली होती आणि पक्षी झाडावर बसून गाडीबद्दलचं आपलं मत गाडीवरच टाकत होते. एवढ्यासाठी झाड? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं घर भर उन्हात राहण्याजोगं आहे ते केवळ त्या झाडामुळे. माझी लेक पहिल्यांदा आपल्या पायांवर उभी राहिली ती गॅलरीचे गज धरून, त्या झाडाची पानं ओढायला. आता ती तिच्या घरी गेली. झाड तेवढं राहिलंय. मी तसाच जिना उतरून सेक्रेटरीच्या दारात उभा राहिलो.

"झाड का तोडताय?"

"ठेवून करायचंय काय? आहे काय त्यावर?"

"पक्षी राहतात!"

"पुरावा आणा," असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. त्याचं दार जरासुद्धा वाजलं नाही. मला त्याचाही राग आला.

मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. 'पुरावा आणा' हे वाक्य मी दिवसभर दुसऱ्यांना ऐकवत असतो. माझंच वाक्य कुणी मला ऐकवावं? त्याच संध्याकाळी मी विद्यापीठातल्या पक्षीबाईंना फोन लावला. साध्या माणसांनी रोज सकाळी थोडा वेळ उभं राहून पक्षी मोजायचे आणि फोनमधल्या ॲपवरून कळवायचे, असं काम त्यांनी शहरभर सुरू केलं होतं.

"मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो.

"उत्तम! म्हणजे दिसेल तेच लिहाल. कावळा दिसला तर कावळा लिहा. काही दिसलं नाही तर तेही लिहा. खाली 'इतर काही दिसलं?' असा रकाना आहे, त्यात खार, मांजर, काहीही. फक्त रोज लिहा आणि खरं लिहा."

म्हणजे दोनच अटी. मी दोन्ही मोडल्या.

कारण मला कावळे नको होते. मला असा पक्षी हवा होता, की नाव ऐकून सेक्रेटरीनं गाडी विकावी. समोरच्या फांदीवर एक साळुंकी रोज येऊन माझ्या तोंडावर ओरडायची. तिला मी हाताने हाकलायचो.

"ती साळुंकी लिहिलीत का?" बायकोनं विचारलं.

"साळुंकीनं झाड वाचतं होय? त्याला वाघ लागतो, वाघ!"

"झाडावर?"

(रागावलेल्या माणसाला अडचणीचे प्रश्न विचारू नयेत.)

मग मला कळलं की त्या ॲपला नुसता आवाज ऐकवला तरी ते पक्षी ओळखतं. एका सकाळी खोलीच्या खिडकीत फोन ठेवून मी अंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर पडद्यावर अक्षरं: 'पिवळ्या भुवईचा दरीपक्षी. अत्यंत दुर्मीळ.' मी टॉवेलवरच नाचलो. फोननं टिपलेला आवाज चारदा ऐकला आणि नोंद पाठवली. दुपारी बाईंचा फोन.

"आवाज मिळतोय खरा, पण तो डोंगरातला पक्षी आहे हो. तुम्ही डोळ्यांनी पाहिलात?"

"अगदी!" मी म्हणालो. (ऐकलं म्हणजे जवळजवळ पाहिल्यासारखंच.)

"मग रविवारी येते. झाडांच्या खात्याच्या साहेबांनाही आणते. तोडायची परवानगी तेच देतात."

रविवारी मी स्वतः जाऊन सेक्रेटरीला बोलावलं. म्हटलं, ये, बघ पुरावा! पाहुणे यायच्या आत गॅलरीचं दार सताड उघडून त्याला वीट लावली आणि बायकोला बजावलं, "आज गॅलरीत पाऊल टाकायचं नाही. पक्षी बुजेल."

बाई आल्या, साहेब आले, सेक्रेटरी आला. दुर्बिणी डोळ्यांना लावून सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. दरीपक्षी येईना. कावळे आले, ती साळुंकी आली. मी तिला हाकलायला हात उचलला तर बाईंनी तो धरला. साहेब घड्याळ बघू लागले. सेक्रेटरी गालातल्या गालात हसत होता, आणि तो हसतोय म्हणून मी पक्ष्यावर दात खात होतो.

शेवटी बायकोला राहवलं नाही. ती चहाचा ट्रे घेऊन आली, पायानं वीट सरकली आणि दार आपोआप मिटत आलं.

कुईंऽऽ कुर्रर्र... टिक्.

"हाच!" मी ओरडलो. "हाच तो!"

सगळ्या दुर्बिणी वळल्या. झाडाकडे नाही, बिजागरीकडे.

"पुन्हा ढकला बरं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी आपला फोन दाराजवळ धरला. कुईंऽऽ कुर्रर्र... टिक्. पिवळ्या भुवईचा दरीपक्षी.

सेक्रेटरी इतका हसला की त्याला ठसका लागला. मला बायकोवर भडकण्याखेरीज काही सुचलं नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं चहा आणायला?"

"आणि तुम्हाला दोन वर्षं काय सांगतेय मी?" तिनं ट्रे आदळला. "झाड जाईल आता तुमच्या आळसापायी! लेकीला काय सांगायचं?"

हे मात्र लागलं. मी आत गेलो, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि चारचौघांसमोर ती अख्खी बिजागऱ्यांवर ओतली. दार हलवलं. चिडीचूप.

"चला साहेब," सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाला, "उद्या माणसं बोलावतो."

कुईंऽऽ कुर्रर्र... टिक्.

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दार जागच्या जागी होतं. मग आवाज पुन्हा आला, समोरच्या फांदीवरून. तीच साळुंकी मान वाकडी करून आमच्या दारासारखी करकरत होती. तेवढ्यात दुसरी साळुंकी चोचीत अळी घेऊन आली आणि खोडाच्या ढोलीत शिरली. आतून पिल्लांनी एकच कालवा केला.

"घरटं!" बाई पुटपुटल्या. "या रोज दिसत होत्या तुम्हाला?"

"दिसायच्या. पण साळुंकी काय लिहायची?"

बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं मीसुद्धा खोट्या दाव्यांकडे पाहत नाही.

साहेब म्हणाले, "घरटं असताना मी सही करणार नाही. पुढचं नोंदींवर. वर्षभर रोजच्या खऱ्या नोंदी येऊ द्या, मग झाडाला कुणी हात लावणार नाही."

सेक्रेटरी चहा न पिताच गेला. मी छाती फुगवणार, इतक्यात बाई म्हणाल्या, "साळुंक्या ऐकलेले आवाज उचलतात. पण तो आवाज पुष्कळ दिवस कानावर पडावा लागतो. कधीपासून वाजत होतं हे दार?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांनी तेल घालायला इतका वेळ लावला, की पाखराचं पाठांतर झालं."

आता नोंदी ती पाठवते. मला फक्त कावळे मोजायची परवानगी आहे. दार गप्प आहे, पण साळुंकी रोज उजाडता उजाडता कुरकुरते आणि बायको सवयीनं आतून ओरडते, "अहो, तेल!" आज मी अर्धवट झोपेत उठलो, नवी बाटली घेतली, गॅलरीत गेलो आणि त्या मुक्या दाराला इमानेइतबारे पुन्हा तेल घातलं. दोन्ही साळुंक्या बघत होत्या.

मागाहून मी आजची नोंद पाहिली. साळुंक्या दोन, कावळे चार. आणि खाली, 'इतर काही दिसलं?' या रकान्यात बायकोनं खरं तेच लिहिलं होतं: 'एक. हातात तेलाची बाटली. अजून झोपेत.'